हजर फौजदाराचा डबा

आमच्या तालुक्याच्या गावात पोलीस ठाण्यासमोर माझी खानावळ आहे. मधे फक्त रस्ता. ठाण्यात कोण रडत आलं आणि कोण हसत गेलं, हे मला भाकरी थापता थापता दिसतं. शाळेत मी गेले दुसरीपर्यंत. पुढचं सगळं वाचन झालं ते ठाण्याच्या नोटीस बोर्डावर. गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून जायचं आणि अक्षराला अक्षर जुळवत उभं राहायचं. त्यामुळे माझं मराठी जरा सरकारी झालं. माझा नवरा वारला तेव्हा मी भावाला फोनवर सांगितलं, की सदर इसम सकाळी मयत झाला. भाऊ आधी हसला, मग रडला.

सुरुवातीला ठाण्यातले दोघं-तिघं माझ्याकडचं जेवण नको म्हणायचे. कारण तोंडाने सांगत नसत. माझ्या भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघायचे आणि म्हणायचे, आम्हाला ॲसिडिटी आहे. पुढे एक दिवस ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझ्या हातची हुलग्याची शेंगोळी खाल्ली आणि बोटं चाटली. त्या दिवशी सगळ्यांची ॲसिडिटी एकदम बरी झाली. असं औषध दवाखान्यात मिळत नाही.

तर गोष्ट आहे आमच्या फौजदारांची. दोन-तीन वर्षं झाली. फौजदार म्हणजे मोठ्या साहेबांच्या हाताखालचे, दोन चांदण्यावाले. माणूस पूर्वेकडच्या कोरडवाहू गावचा. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि हा पोरगा उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत बसून अभ्यास करायचा, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. बायको-मुलगी नगरला, मुलीच्या शाळेसाठी. हे इथे ठाण्यामागच्या खोलीत एकटे. दोन्ही वेळचा डबा माझा.

आमच्या भागात एक रीत आहे. कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं माघारी देऊ नये. काहीतरी त्यात टाकावं, चिमूटभर साखर का असेना. खानावळीच्या डब्याला ही रीत कोणी पाळत नाही. पाळायचं कारणही नाही, तो धंदा झाला. पण फौजदारांच्या आईने त्यांना घट्ट शिकवलेलं. डबा धुऊन आणायचे आणि खालच्या पुडात काहीतरी असायचंच. कधी चार बोरं, कधी चिंचेचं बोटुक, कधी गुळाचा खडा. पाडव्याला उघडून बघते तर कडुनिंबाची डहाळी. मी म्हटलं, साहेब, हे काय? तर म्हणाले, “मावशी, आज आख्ख्या ठाण्यात मुद्देमाल सोडून एवढंच निघालं.”

त्या पाडव्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्यांनी वाळूचा एक डंपर धरून आणला आणि ठाण्याच्या आवारात, माझ्या अगदी समोर उभा केला. नंबराच्या पाटीवर चिखल थापलेला. त्या दिवशी दिवसभर पांढऱ्या गाड्या येत होत्या. त्यातून पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरत होती, आत जात होती, आणि बाहेर येऊन माझ्याकडे चहा पिताना डंपरकडे असं बघत होती, जसं कोणी कोंडवाड्यात अडकलेल्या आपल्या म्हशीकडे बघावं. तिसऱ्या दिवशी उजाडताना मी चुलीला जाळ घातला आणि समोर पाहिलं, तर डंपर नाही. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा राहिला होता.

फौजदारांनी आत जाऊन विचारलं. त्यांना सांगण्यात आलं की डंपर आवारात आहे. ते म्हणाले, बाहेर येऊन दाखवा. तर त्यांना रजिस्टर दाखवलं. रजिस्टरमध्ये डंपर उभा होता.

त्या दिवशी माझ्याकडे चहा घेतला त्यांनी. म्हणाले, नदीपलीकडं जाऊन बघतो, कुठं ना कुठं उभा असणार, एवढं मोठं धूड काय खिशात घालून नेलं का कोणी. दुपारी काय कालवण आहे ते विचारलं. मी शेंगोळी सांगितली. मग आज लवकर येतो म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. वर्दीत होते, टोपी डिकीत. एवढंच. त्यानंतर त्यांना मी पाहिलं नाही.

दुपार झाली, शेंगोळी गार झाली. तेवढ्यात ठाण्यातले म्हातारे हवालदार आले. हे ठाण्याचं लिहिणं-बिहिणं बघायचे, रिटायर व्हायला वर्षभर राहिलेलं. त्यांनी फौजदारांचा डबा मागितला. मी विचारलं, आले का साहेब?

“हायेत की. आत हायेत. कामात हायेत.”

मला बरं वाटलं. डबा दिला. संध्याकाळी डबा परत आला तो रिकामा. रिकामा म्हणजे नुसता रिकामा नाही, चाटून पुसलेला, न धुतलेला, आणि खालच्या पुडात काही नाही. मी म्हटलं असेल गडबड. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात फौजदारांची मोटारसायकल उभी दिसली, आणि ती धुतलेली होती. त्या ठाण्यात मी आजवर धुतलेली गाडी फक्त दसऱ्याला पाहिली आहे.

सहाव्या दिवशी त्यांची बायको नगरहून एसटीने आली. बारीक अंगाची बाई, अंगणवाडीत शिकवणारी. नवऱ्याचा फोन सहा दिवस बंद. ठाण्यात गेली तर तिला सांगितलं की फौजदार गोपनीय कामगिरीवर आहेत. कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, गोपनीय म्हणजे काय हे तुम्हाला कळत नाही का. मग हळूच विचारलं, की नवरा-बायकोत काही झालंय का.

ती माझ्याकडे येऊन बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. भाकरी वाढली ती तशीच राहिली. मी तिला डब्याचं सगळं सांगितलं, मोटारसायकलीचंही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, मला दुसरं काही नको. हे ड्युटीवर होते आणि हरवले, एवढं यांनी लिहून द्यावं. मग मी शोधीन, नाहीतर रडीन. आत्ता मला दोन्ही करता येत नाही.”

पुढचं सगळं वर्ष ही बाई एवढ्याच एका ओळीसाठी भांडली. खाकीतला माणूस खाकीत असताना हरवला, ही ओळ. आणि ठाण्याला जगातली कुठलीही ओळ चालत होती, ती सोडून.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. मोठ्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, फार गोड बोलले. साहेब गोड बोलायला लागले की आमच्या गावातली माणसं खिसे चाचपतात. मला म्हणाले, “मावशी, तुम्हीच सांगा. फौजदारांचा डबा रोज येतो का नाही?”

“येतो.”

“संपतो का?”

“संपतो.”

“मग हरवलेला माणूस जेवतो का हो कधी?”

म्हातारे हवालदार पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. मी काय, बोलकी बाई. सांगून टाकलं सगळं. साहेब, डबा जातो खरा, पण परत येतो तो रिकामा. फौजदारांनी इतक्या दिवसांत एकदाही रिकामं भांडं दिलेलं नाही. हे जेवण त्यांच्या पोटात जात नाही. साहेब विषय बदलून म्हणाले, उन्हाळा फार आहे यंदा.

आणि मी चूक केली असं मला वाटलं, पण चूक त्यांनी केली. संध्याकाळी हवालदार डबा घेऊन आले तो दोन्ही हातांनी धरून. जड होता. वरच्या पुडात गच्च पेढे. मधल्यात काठोकाठ साखर. आणि खालच्या पुडात खोबऱ्याची वाटी, पाच सुपाऱ्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि हिरवा खण, चौघडी घातलेला. नारळ आख्खा बसेना म्हणून वाटी घातली असणार. कोणीतरी घरी जाऊन बायकोला विचारलेलं दिसत होतं, की भांडं परत देताना काय देतात. पण कोणाचं भांडं, ते सांगायचं राहिलं. तिने आपली सवाष्णीची ओटी भरून दिली.

मी विधवा. शिवाय आमच्यात ओटीबिटी काही नाही, आम्ही ते केव्हाच सोडून दिलं. फौजदारांना हे दोन्ही चांगलं माहीत होतं. म्हणजे चार बोरं टाकली असती तरी मी गप्प बसले असते, एखादा दिवस आशा धरली असती. पण ठाण्याला काही लपवायचं झालं की थोडक्यात भागत नाही. फौजदारांची बायको खणाला हात न लावता नुसती बघत राहिली. मग म्हणाली, यांना माझा नवरा काय जेवतो, काय देतो, काहीच माहीत नाही. आणि हे म्हणतात तो आत बसलाय.

हवालदारांना मी बाकावर बसवलं. पेढा पुढे केला. नको म्हणाले, शुगर आहे. मी म्हटलं, शुगर आहे आणि दोन-दोन डबे कसे जातात? तेव्हा इकडे-तिकडे पाहून बोलले.

“आक्का, वरून सांगितलंय, फौजदारांचा डबा संपला पायजे. मी काय करू? जेवन माझ्याकडं हाय, हजेरीची सही दुसऱ्याकडं. कामं वाटून दिल्यात.”

मी दुसऱ्या दिवसापासून फौजदारांचा डबा बंद केला. ठाण्यातून निरोप आला, बंद का? मी सांगितलं, ज्याचा डबा आहे त्याने येऊन मागावा.

मग उन्हाळ्यातल्या बदल्या निघाल्या. नोटीस बोर्डावर यादी लागली, मी वाचायला गेले, तर फौजदारांचं नाव. बदली दुसऱ्या तालुक्याच्या ठाण्याला, आणि खाली शाई वाळलेली नाही तोवर दुसरा कागद, की त्यांना आज रोजी कार्यमुक्त करण्यात आलं आहे. संध्याकाळी बदली झालेल्यांना निरोप दिला. शाल, नारळ, भाषणं. फौजदार कामात असल्यामुळे त्यांची शाल हवालदारांनी स्वीकारली. त्यांच्याविषयी चार जण चांगलं बोलले. एक म्हणाला, कुठेही असले तरी ते आपले काम चोख करतील.

बायको त्या दुसऱ्या ठाण्याला गेली. तिथले म्हणाले, ते आमच्याकडे हजर झालेच नाहीत, म्हणजे आमच्याकडून हरवलेले नाहीत, जिथून निघाले तिथे विचारा. ती इथे आली. इथले म्हणाले, आमच्याकडून ते रीतसर गेले, जिथे पोचायचे तिथे विचारा. दोन ठाण्यांच्या मधला रस्ता काय एसटीने दोन तासांचा असेल. तेवढा रस्ता कोणत्याच ठाण्याच्या हद्दीत नव्हता असं दिसतं. ती बिचारी त्या रस्त्यावरून इतक्या वेळा गेली-आली की कंडक्टर तिला विचारायचा, ताई, आज लागलं का काही.

त्यात तिच्या नगरच्या घरी नोटीस आली. नवीन ठाण्याची, फौजदारांच्या नावाने. आपण विनापरवानगी गैरहजर आहात, तरी सात दिवसांत समक्ष हजर राहून गैरहजेरीचा खुलासा करावा. ती नोटीस तिने मला वाचायला आणून दिली होती. मागच्या कोऱ्या बाजूला तिने उत्तर लिहून पाठवलं, की ते समक्ष हजर झाल्यास कृपया मलाही कळवावे. मला हसू आलं. तिलाही आलं.

शेवटी तिचा भाऊ पुढे झाला. तो नगरलाच, नागापूर एमआयडीसीत वर्कशॉपवर आहे. त्याने रजा टाकून वकील गाठला आणि कोर्टात अर्ज केला. तारीख जवळ आली तसा ठाण्यातून बाईंना आपणहून फोन आला, की या, आम्ही मिसिंग दाखल करून घेतो, तुम्ही आधीच का नाही आलात?

पाऊसकाळ संपत आला होता. मी सोबत गेले. हवालदार जबाब लिहीत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. माझी जुनी सवय. लिहिलेलं असं, की माझे पती हे घरगुती वादातून कोणास काही एक न सांगता राहते घरातून निघून गेले. मी ते मोठ्याने वाचलं. साहेबांना मी वाचते हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी बोर्डासमोर उभी असायची ते त्यांना वाटलं असेल सावलीला.

बायको म्हणाली, “राहतं घर नगरला आहे. ते ठाण्यातून गेले. वर्दीत गेले.”

साहेब म्हणाले, बाई, ही लिहायची पद्धत आहे, सगळे हरवलेले असेच हरवतात. सही करा, तपास सुरू होईल. तिने पेन घेतलं आणि सहीच्या वर आपल्या अंगणवाडीच्या गोल अक्षरात लिहिलं, की वरील मजकूर मला मान्य नाही, ते ड्युटीवर होते. साहेब म्हणाले, कागद खराब केलात. ती म्हणाली, मग दुसरा घ्या. दुसरा घेतला, तिने त्यावरही तेच लिहिलं. तिसऱ्यावर तेच. चौथ्याला हवालदारांनी पेनचं टोपण लावलं आणि कागद संपले म्हणून सांगितलं. शेजारी कागदांचा गठ्ठा होता. साहेबांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं, आणि आहे तो कागद घ्या म्हणाले.

तपास साहेबांनी स्वतःकडेच ठेवला. दुसऱ्या कोणाला त्रास नको म्हणून.

आता फोटो. हरवलेल्याची जाहिरात लावायची तर फोटो पाहिजे. बाईंकडे जेवढे फोटो, तेवढे वर्दीतले. पोलिसाला साध्या कपड्यात फोटो काढायला सवड कुठली? साहेब म्हणाले, वर्दीतला चालणार नाही, खात्याची बदनामी होते. मग शोधून शोधून लग्नातला काढला. डोक्याला फेटा, कपाळावर मुंडावळ्या, गालाला हळद, वय चोवीस. तो एसटी स्टँडवर, बाजारात, ग्रामपंचायतीत लागला. खाली लिहिलेलं, वर्ण सावळा, अंगात पांढरा शर्ट, व्यवसाय नोकरी. पांढरा शर्ट कुठून आला देव जाणे. स्टँडवर लोक थांबून वाचायचे आणि पुढे जायचे. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “स्थळ चांगलं दिसतंय, जमीन किती हाय?” मी म्हटलं बाबा, हा माणूस हरवलाय. तो म्हणाला, लग्नातनंच का?

दोन महिने गेले. एकाने म्हणून ओळखलं नाही. कोण ओळखणार? आम्ही ज्यांना रोज बघत होतो तेच आम्हाला त्यात दिसत नव्हते.

दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले, रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर वाहायला लागले. एका बाजारच्या दिवशी बाई आली ती हातात गठ्ठा घेऊन. भावाने नगरला मोठे फोटो छापून आणले होते. वर्दीतले. चांदण्या, पट्टा, टोपी, सगळं. खाली दोनच ओळी. हे पोलीस आहेत. ड्युटीवर असताना हरवले आहेत.

मला म्हणाली, मावशी, चिकटवायला काही आहे का? मी पातेलं चढवलं आणि कणकेची खळ शिजवली, चांगली घट्ट, मोरचूद टाकून, किडे लागू नयेत म्हणून. सांगायला हरकत नाही, मला थोडी भीती वाटत होती. माझं दुकान समोर, उद्या परवाना, परवा सिलेंडर, काय काय काढतील. पण तिने पदर खोचला आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत पहिला फोटो लावला तो ठाण्याच्या कंपाउंडच्या भिंतीला. मी खळ लावत गेले, ती कागद दाबत गेली.

आतून साहेबांनी पाहिलं. हवालदारांना पाठवलं काढायला. हवालदारांनी माझ्याकडून उलथणं मागून नेलं आणि भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. आपल्याच साहेबाच्या छातीवर उलथणं कुठून घालायचं, ते त्यांना सुचेना बहुतेक. पाच मिनिटांनी आत तोंड करून मोठ्याने ओरडले, “साहेब, निघना. लई घट्ट हाय.” उलथणं मला परत दिलं. त्याला खळीचा कणसुद्धा लागला नव्हता. बाजाराला आलेली माणसं एव्हाना जमली होती, त्यामुळे साहेब काही बाहेर आले नाहीत.

त्या गर्दीत एक ट्रॅक्टरवाला होता. दोन ट्रॉल्या ऊस रस्त्याच्या कडेला उभा करून चहाला आलेला. कप हातात तसाच ठेवून फोटोकडे बघत बघत पुढे सरकला. मग बाईंना विचारलं, हे तुमचे कोण? तिने सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

“ह्यांना मी पाहिलंय, ताई. नदीपलीकडं. गेल्या हंगामातली माझी शेवटची खेप हुती, म्हनून ध्यानात हाय.”

ती गठ्ठा छातीशी धरून त्याच्या जवळ गेली.

“एक डंपर उभा हुता. त्याच्या पाटीवरचा चिखल हे हातानं पुसत हुते. चार-पाच जन पांढऱ्या गाडीतनं उतरून यांच्याकडं चालत येत हुते. मी म्हटलं असंल काय पोलिसांचं काम. ट्रॅक्टर थांबवला न्हाई मी.” एवढं बोलून त्याने ठाण्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला. “पन माझं नाव कुठं घेऊ नका. मला रोज ह्याच रस्त्यानं जायचं असतं.”

बाईने उरलेल्या फोटोंतला एक उलटा केला, मागची कोरी बाजू पुढे ठेवून भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

“नाव नाही लिहीत, दादा,” ती म्हणाली. “कुठली जागा, तेवढं सांगा. आणि ते तिथे वर्दीत उभे होते, एवढं लिहिते.”